बाटलीतले फळ

तुमच्यापैकी कितीजणांच्या परसात हिरवा चाफा आहे? ज्यांच्याकडे असेल त्यांना त्याची खोड ठाऊक असेल. हे फूल डोळ्यांनी शोधून सापडत नाही. रंग पानाचा आणि बसण्याची जागा पानाआड. देठाच्या आकड्याने शेजारच्या फांदीला धरून वेल वर चढत जातो, आणि एक दिवस फूल जून होऊन पिवळसर झाले की सगळे परस दरवळून जाते. पण तो दरवळ कसला असतो? कुणी म्हणते पिकल्या केळ्याचा, कुणी म्हणते अननसाचा, कुणाला फणसाची आठवण येते. घरी नवखा पाहुणा आला तर तो विचारतो, "काय हो, आढी लावलीत वाटतं?" आणि घरातले हसतात. आढी कसली, ते तर फूल!

आज तुमच्याशी ज्या अत्तराविषयी बोलायचे आहे, ते अगदी याच स्वभावाचे आहे. शहरातल्या दुकानांत आणि आता तालुक्याच्या बाजारातही बायकांसाठी म्हणून ज्या सुगंधाच्या बाटल्या मांडलेल्या दिसतात, त्यांतल्या पुष्कळशा या एकाच कुळातल्या असतात. आधी फळाचा वास, मग फुलाचा, आणि शेवटी नुसती गोडी. कुणी हौसेने आहेरात देतो, मुंबईहून येताना मुलगा आईसाठी आणतो. आई बाटली उघडते, हुंगते आणि म्हणते, "अगंबाई, हा तर फळाचा वास!"

त्या माउलीच्या उद्गारातच दोन प्रश्न दडलेले आहेत. हे फळ बाटलीत आले कुठून? आणि असा गोड वास म्हणजे बायकांचा, असे ठरवले कुणी? या दोन प्रश्नांची उत्तरे शोधायला गेले की जवळजवळ पावणेदोनशे वर्षांचा इतिहास उलगडतो. आणि त्या इतिहासात आपल्या खानदेशातले एक गवतही भेटते.

आधी या अत्तराचा स्वभाव नीट ओळखून घेऊ. कापसाचा एक फाया घ्या, त्यावर दोन थेंब टाका आणि घड्याळ समोर ठेवा. पहिल्या काही मिनिटांत नाकाला भेटते ते फळ: नासपती, सफरचंद, किंवा ज्याला आपण सप्ताळू म्हणतो ते पीच. अर्ध्या तासाने हुंगाल तर फळ मागे सरलेले असते आणि जाई, गुलाब, निशिगंध अशी फुले पुढे आलेली असतात. संध्याकाळी तोच फाया पुन्हा नाकाशी धरा. आता फूलही विरलेले असते. उरलेला असतो व्हॅनिलाचा, चंदनाचा किंवा कस्तुरीसारखा एक उबदार, गोडसर वास. संगीत नाटकात जशी आधी नांदी, मग नाटक आणि शेवटी भरतवाक्य, तसाच हा प्रकार. कारण साधे आहे. वास म्हणजे हवेत उडणारे सूक्ष्म कण. जे हलके ते आधी उडतात, जे जड ते मागे रेंगाळतात. अत्तर बनवणाऱ्याची सगळी कारागिरी या उडण्याच्या क्रमात असते.

आता पहिला प्रश्न. फुलांपासून अत्तर काढतात हे आपल्याला माहीत आहे. कनौजला तांब्याच्या डेगीत फुले आणि पाणी घालून खाली जाळ करतात, वाफ नळीवाटे भपक्यात उतरते आणि तिथल्या चंदनतेलात मुरते. आपल्याकडे तिळांवर फुलांचे थर पसरून, तिळांना फुलांचा वास लागला की ते घाण्यात घालून फुलेल तेल काढण्याची जुनी रीत होती. फ्रान्सच्या दक्षिणेस ग्रास नावाचे गाव आहे. कातड्याच्या हातमोज्यांना सुगंध लावण्याच्या धंद्यातून ते अत्तरांचे गाव बनले. तिथले लोक काचेच्या चौकटींवर चरबीचा थर देऊन त्यावर फुले मांडीत. चरबीने वास ओढून घेतला की शिळी फुले काढून ताजी मांडायची. तीळ काय आणि चरबी काय, तत्त्व एकच: स्निग्ध पदार्थ वास धरून ठेवतो. आणि गंमत अशी, की ग्रासच्या शेतांत फुलणारे ते फूल आपल्या जाई-चमेलीच्याच जातीचे. ती पहाटे खुडावी लागते. किलोभर व्हायला आठ-दहा हजार फुले लागतात.

फुलांचे हे झाले. पण आंबा डेगीत घालून पाहा बरे! अत्तर निघत नाही. निघतो तो शिजवलेल्या रसाचा, मोरंब्याचा वास. सप्ताळू, सफरचंद, केळे, अननस यांपैकी कोणतेच फळ आपला ताजा वास अशा रीतीने हाती लागू देत नाही. फळ बहुतेक पाणीच असते. त्यातले वासाचे कण इतके थोडे आणि इतके नाजूक असतात, की तापवताच त्यांचे रूप पालटते. याला मोठा अपवाद संत्रे-लिंबाच्या कुळाचा. त्यांच्या सालीत तेलाच्या बारीक पिशव्या असतात, त्या पिळल्या की तेल मिळते. म्हणून जुन्या काळच्या अत्तरांत लिंबू आहे, संत्रे आहे, पण सप्ताळू नाही. ज्या बाटलीवर आज फळाचे चित्र असते, तिच्यात त्या फळाचा एक थेंबही नसण्याचीच शक्यता जास्त.

"म्हणजे हे नकलीच म्हणायचे!" असे तुम्ही म्हणाल. थोडा धीर धरा.

सन १८५१. लंडनला मोठे जागतिक प्रदर्शन भरले होते. यंत्रे, कापड, हिरेमाणके यांच्या गर्दीत काही छोट्या बाटल्याही होत्या. त्यांत नासपतीचा, सफरचंदाचा, अननसाचा वास होता, पण फळाचा अंश नव्हता. ऑगस्ट हॉफमन नावाच्या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने त्यांच्याकडे जाणत्यांचे लक्ष वेधले. नासपतीचा वास ज्या अल्कोहोलपासून बनवला होता, ते कुठून मिळत होते ठाऊक आहे? दारू गाळताना जो घाणेरड्या वासाचा तेलकट गाळ मागे उरतो, त्यातून! ज्या गाळाजवळ उभे राहवत नाही त्यावर थोडी रासायनिक क्रिया केली, की त्यातून नासपतीचा वास निघतो. मिठाईवाल्यांनी तो लगेच गोळ्यांत घातला. आजही जत्रेत मिळणाऱ्या केळ्याच्या वासाच्या गोळीत त्याच घराण्यातला पदार्थ असतो.

अत्तरवाल्यांना मात्र त्याचा फारसा उपयोग झाला नाही. कारण मघाचेच: तो वास फार हलका. अंगावर लावला की नांदी होण्याआधीच पडदा पडायचा. त्यांना हवे होते अंगावर टिकणारे फळ, आणि त्यासाठी अर्ध्या शतकाहून अधिक काळ वाट पाहावी लागली.

मधल्या काळात गोडी मात्र हाती आली. १८६८ साली विल्यम पर्किन या इंग्रज शास्त्रज्ञाने कूमारिन प्रयोगशाळेत बनवले. नुकत्याच कापलेल्या, वाळत घातलेल्या गवताचा जो गोड वास येतो, तो कूमारिनचा. हा तोच पर्किन, ज्याने १८५६ साली वयाच्या अठराव्या वर्षी पहिला कृत्रिम जांभळा रंग शोधला होता. पुढे १८७४ साली टीमान आणि हारमान या जर्मन जोडीने व्हॅनिलाच्या शेंगेतला मुख्य गंध, म्हणजे व्हॅनिलिन, पाइन जातीच्या झाडाच्या रसातून बनवून दाखवला. १८८९ साली पॅरिसच्या गेर्लँ घराण्याने 'जिकी' नावाचे अत्तर काढले, त्यात लव्हेंडरबरोबर हे दोन्ही पदार्थ होते. एका फुलाची हुबेहूब नक्कल करायची, ही जुनी चाल सोडून नवा वास रचायचा, ही वाट इथून रुळू लागली.

मग १९०८ साल उजाडले. झुकोव आणि शेस्ताकोव या दोन रशियन रसायनज्ञांनी एक पदार्थ बनवला. त्याचे शास्त्रीय नाव गॅमा-अन्डेकालॅक्टोन. हे नाव पाठ करण्याची गरज नाही. लक्षात ठेवायचे ते इतकेच, की त्याला पिकलेल्या सप्ताळूच्या सालीसारखा मऊ, मलईदार वास येतो, आणि तो जड असल्यामुळे अंगावर तासन् तास टिकतो. व्यापाऱ्यांनी त्याला 'आल्डिहाइड सी-१४' असे नाव दिले. हा पदार्थ आल्डिहाइड नाही आणि त्यात कार्बनचे अणू चौदाही नाहीत, अकराच आहेत! पण चुकीचे नाव चिकटले ते आजतागायत. याच कुळातल्या आणखी एका पदार्थाला, 'सी-१८' म्हणतात त्याला, चक्क खोबऱ्याचा वास येतो. कोकणातल्या माणसाला डोळे मिटून तो हुंगायला दिला, तर तो म्हणेल कुणीतरी नारळ खवतेय.

आता खरी कसोटी होती रचनेची. पहिले महायुद्ध संपल्यावर, १९१९ साली, जाक गेर्लँ यांनी 'मित्सुको' नावाचे अत्तर काढले. हे नाव क्लोद फारेर या फ्रेंच लेखकाच्या १९०९ सालच्या कादंबरीतले. त्यातली नायिका एका जपानी नौदल अधिकाऱ्याची पत्नी आहे. गेर्लँ यांनी गुलाब आणि जाई यांच्या जोडीला तो सप्ताळूचा वास घातला आणि खाली बैठक दिली ओकच्या झाडावर वाढणाऱ्या एका वनस्पतीची. ही वनस्पती म्हणजे आपल्या गोड्या मसाल्यात पडणाऱ्या दगडफुलाची बहीणच. ज्या सुगरणीने दगडफूल तेलावर परतले आहे तिला तो मातकट, रानातला वास सांगायला नको. एकीकडे रान आणि दुसरीकडे पिकलेले फळ, मध्ये फुले. फळ दिसते आहे, पण ओरडत नाही. आजच्या सगळ्या फळा-फुलांच्या अत्तरांचे मूळपुरुष शोधायचे तर त्यांत हे नाव आधी घ्यावे लागते.

दुसरे नाव 'फाम', म्हणजे फ्रेंच भाषेत 'स्त्री'. एदमाँ रुदनित्स्का यांनी ते १९४३ साली पॅरिसमध्ये रचले. शहर जर्मन फौजांच्या ताब्यात होते. जिथे ते काम करीत त्या इमारतीच्या एका बाजूला कचऱ्याचा उकिरडा आणि दुसऱ्या बाजूला रंगाचा कारखाना होता, असे त्यांनी पुढे सांगितले. अशा जागी बसून त्या माणसाने पिकल्या आलुबुखाराचा आणि फुलांचा वास जुळवला! मंडळी, गंध नाकात असतो असे आपण समजतो, पण गंधाची रचना डोक्यात होते. गायक जसा तंबोरा नसतानाही मनात सूर धरतो, तसाच हा प्रकार.

आता 'नकली'चा प्रश्न. शास्त्रज्ञ एकीकडे नवे वास बनवीत होते आणि दुसरीकडे फुले तपासत होते. तपासताना काय दिसले? जाईच्या फुलात बेन्झिल ॲसिटेट नावाचा घटक भरपूर सापडला. तो एकटा हुंगला तर केळ्या-नासपतीची आठवण होते. संत्र्याच्या फुलात आणि जाईत जो एक घटक मिळाला, तोच पुढे एका जातीच्या द्राक्षातही मिळाला. सप्ताळूच्या वासाच्या त्या पदार्थाचे जवळचे भाऊबंद खुद्द सप्ताळूत सापडले आणि निशिगंधातही सापडले. आणि सगळ्यांत मोठे नवल गुलाबाचे. १९७० च्या सुमारास जिनिव्हातल्या फिर्मेनिश कंपनीच्या रसायनज्ञांनी बल्गेरियातल्या गुलाबतेलातून डॅमॅसेनोन नावाचा एक घटक वेगळा केल्याचे जाहीर केले. तेलाच्या हजार भागांत तो दीड भागही नसतो. पण गुलाबाला गुलाबपण देण्यात त्याचा वाटा फार मोठा. आणि तो एकटा हुंगला तर वास कशाचा येतो? शिजवलेल्या सफरचंदाचा, आलुबुखाराचा!

म्हणजे फळ फुलात आधीपासूनच बसलेले होते. हिरवा चाफा ते उघड सांगतो, गुलाब पोटात ठेवतो, एवढाच फरक. पुढे याच घराण्यातले पदार्थ हाताशी आल्यावर 'पॉयझन' हे १९८५ सालचे अत्तर निघाले, त्यात निशिगंध आणि आलुबुखार गळ्यात गळा घालून आहेत. १९९२ च्या 'एंजल'मध्ये तर जत्रेतल्या म्हातारीच्या कापसाचा, तापल्या साखरेचा वास मुद्दाम भरला. ते गाजले आणि गोडीची लाट आली. १९९९ च्या 'जादोर'पासून पुढची वीस वर्षे पाहिली तर फळ, फूल आणि साखर यांनी बाजार भरून गेलेला दिसतो.

तेव्हा बाटलीतला सप्ताळू फळातून आला नसला, तरी तो फसवणूक ठरत नाही. चित्रातला आंबा खाता येत नाही म्हणून चित्रकाराला आपण लबाड म्हणत नाही. लबाडी होते ती "अस्सल फळाचा अर्क" असे सांगून विकतात तेव्हा. आणि अस्सल ते सारे निरुपद्रवी, हेही खरे नव्हे. 'मित्सुको'च्या बैठकीतली ती ओकवरची वनस्पती शंभर टक्के नैसर्गिक, पण तिच्यातले दोन घटक कातडीला खाज आणि पुरळ उठवतात असे आढळले, म्हणून २०१७ साली युरोपीय संघाने त्यांच्यावर बंदी घालणारा नियम केला. बाटली रानातून आली की प्रयोगशाळेतून, नवे अत्तर आधी मनगटावर थेंबभर लावून पाहावे, हेच शहाणपण.

आता खानदेशातल्या त्या गवताकडे वळू. गुलाबाच्या वासाचा एक मोठा भाग जिरॅनिऑल नावाच्या घटकाचा असतो. तो गुलाबात असतो, पण गुलाब महाग: किलोभर गुलाबतेलाला तीन-चार हजार किलो फुले लागतात. तोच घटक रोशा गवताच्या तेलात मात्र मुबलक असतो. धुळे-नंदुरबारकडच्या लोकांना हे गवत सांगायला नको. पिंपळनेर, नंदुरबार, शहादा, तळोदा, अक्राणी या भागांत पावसाळ्यानंतर गवत फुलावर आले की ते कापायचे, ओढ्याकाठी भट्टी लावायची आणि भांड्यात उकळून तेल काढायचे. या तेलाला आपण रोशेल म्हणतो. एकोणिसाव्या शतकात ते मुंबई बंदरातून तांबड्या समुद्राच्या वाटेने तुर्कस्तानात जाई आणि तिथे गुलाबतेलात मिसळले जाई. युरोपच्या बाजारात तर त्याला 'तुर्की जिरॅनियम तेल' म्हणत! गवत खानदेशचे, घाम खानदेशचा, नाव तुर्कस्तानचे आणि भाव गुलाबाचा. १८७१ साली ऑस्कर याकोब्सेन या जर्मन रसायनज्ञाने याच तेलातून जिरॅनिऑल वेगळे काढले, आणि मग त्या तेलाचे खरे मोल जगाला कळले. कळले ते प्रयोगशाळेला. गवत कापणाऱ्याला नाही.

गुरुजी आणि बाई, वर्गात हा धडा सांगण्यासारखा आहे. माल आपल्या डोंगरात असून भागत नाही, त्यात काय आहे हे आपल्याला ठाऊक असावे लागते. पुढे आपल्याकडेही हे ज्ञान रुजले. १९२२ साली मुंबईत एस. एच. केळकर आणि कंपनी ही सुगंधी द्रव्यांची पेढी उभी राहिली. १९५० साली पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा सुरू झाली, तिथे सुगंधी तेलांवर मोलाचे संशोधन झाले. आणि आज जगाच्या अत्तरांना लागणारा जाई-मोगऱ्याचा अर्क पुरवणाऱ्या देशांत इजिप्तच्या जोडीने भारताचे नाव पुढे आहे. तमिळनाडूतल्या शेतांत त्याची फुले खुडली जातात. प्रयोगशाळेतल्या पदार्थांनी फूल हद्दपार केले नाही. उत्तम अत्तराला आजही दोन्ही लागतात.

राहिला दुसरा प्रश्न. हा गोड वास बायकांचा, हे कुणी ठरवले?

आपल्याच घरात बघा. आजोबांच्या कानाच्या पाळीत अत्तराचा फाया असायचा. लग्नाच्या बैठकीत पानसुपारी आणि अत्तरगुलाब फिरायचे ते पुरुषांत. अत्तर हिना असो, गुलाब असो की मोगरा, कुणालाही ते बायकी वाटत नव्हते. जहांगीर बादशहाने आपल्या आत्मचरित्रात गुलाबाच्या अत्तराची मोठी वाखाणणी केली आहे. नूरजहाँची आई अस्मत बेगम हिने गुलाबपाण्यावर तरंगणारा तेलाचा तवंग गोळा करून ते मिळवले, असे तो लिहितो. करणारी बाई आणि भाळणारा बादशहा! फ्रान्समध्येही ज्या 'जिकी'चा मघाशी उल्लेख केला ते आरंभी पुरुषांनीच अधिक उचलले, असे सांगतात. बायकी आणि पुरुषी असे दोन कप्पे पक्के झाले ते विसाव्या शतकात, जेव्हा बायकांचे कपडे शिवणारी पॅरिसची घराणी अत्तरे विकू लागली. १९११ साली पॉल प्वारे यांनी सुरुवात केली, १९२१ साली गॅब्रिएल शानेल यांचे 'नंबर पाच' आले. झग्याच्या जोडीला बाटली विकायची, म्हणून बाटली बाईची झाली. पुढे फळ आणि साखर तिच्या वाट्याला आले, लाकूड आणि चामडे पुरुषाच्या. नाकाला यातले काही माहीत नसते. हे सगळे दुकानाच्या फळीवर ठरले.

आपल्याकडच्या बायकांचा सुगंध मात्र बाटलीत नव्हता, केसांत होता. अबोलीबरोबर ओवलेला मोगरा, श्रावणातला केवडा, सोनचाफ्याचे एक फूल. फूल म्हणजे बाईचे लेणे, असे आपण कौतुकाने म्हणत आलो. पण मंडळी, खरेच का ते तिचे होते? नवरा गेला की त्याच दिवशी कुंकवाबरोबर तिची फुलेही गेली. हौसेने लावलेल्या जाईच्या मांडवाखालून ती रोज जायची, फुले खुडून देवाला वाहायची, सुनांना गजरे करून द्यायची, आणि स्वतः एक कळीसुद्धा केसांत घालायची नाही. जी वस्तू दुसऱ्याच्या मरणाने काढून घेता येते ती आपली कशी? ती उसनी दिलेली होती. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावच्या ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. बांगड्या फोडणे, कुंकू पुसणे हे थांबवायचे असे ठरले, आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर गावांनाही तो कित्ता गिरवण्याचे आवाहन करणारे परिपत्रक काढले. ठराव गावाचा आहे. केसांतल्या फुलाचा निकाल मात्र घराघरात लागायचा आहे.

म्हणून म्हणतो, कुणाच्या आईने, मावशीने, आत्याने ती फळा-फुलांची बाटली उघडली आणि क्षणभर मागेपुढे पाहून दोन थेंब मनगटावर लावले, तर "आता या वयात हे कशाला?" असे विचारू नका. त्या दोन थेंबांत एका गाळापासून निघालेली नासपती आहे, दोन रशियनांचा सप्ताळू आहे, पहाटे कुणा खुडणारणीने वेचलेली जाई आहे, आणि कदाचित एखाद्या डोंगरातले रोशाचे गवतही आहे. एवढ्या लोकांनी मिळून ते बनवले. लावायचे की नाही, हे तिचे तिने ठरवू दे.

शिक्षकांना जाता जाता एक छोटा प्रयोग सुचवतो. खर्च काही नाही. दोन वाट्यांत थोडे थोडे थिजलेले तूप घ्या. एकीत मोगऱ्याची ताजी फुले अलगद रोवा, दुसरीत पिकल्या पेरूच्या फोडी. वाट्या रात्रभर झाकून ठेवा. सकाळी फुले आणि फोडी काढा, आणि मुलांचे डोळे बांधून दोन्ही वाट्या हुंगायला द्या. कोणत्या तुपाने वास जास्त धरला, का धरला, हे त्यांनाच सांगू दे. डोळे, कान यांना आपण शाळेत शिकवतो. नाकाला मात्र कुणी शिकवत नाही. ते बिचारे आपले आपण शिकते, आणि म्हणून लोक त्याला सहज फसवतात.

आणि शाळेच्या कुंपणाला जागा असली तर हिरव्या चाफ्याचा एक वेल लावा. तो वाढायला वेळ घेतो, घेऊ द्या. एक दिवस वर्ग चालू असताना कुणीतरी मूल उठून म्हणेल, "बाई, कुठेतरी केळी पिकलीत!" त्या दिवशी पुस्तक मिटा आणि मुलांना घेऊन फूल शोधायला बाहेर पडा.